ब्यॉर्कचा ‘डेब्यू’ आणि त्याचे समीक्षक: धाब्यावरच्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका शनिवारी आम्ही सात-आठ जण जळगावात एका मित्राच्या धाब्यावर जमतो आणि एक अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: आमच्याकडे धाबं म्हणजे घराचं सपाट छत. दाल तडका मिळतो तो वेगळा.) गाणं चालू असताना बोलायचं नाही, एवढा एकच नियम. भरीत-पुरी नंतर. डिसेंबरात आइसलँडच्या ब्यॉर्कचा १९९३चा ‘डेब्यू’ लावला, आणि त्या रात्री भरीत गार झालं तरी वाद संपेना. त्या काळच्या परीक्षणांत काय होतं ते मी सांगायला गेलो, तर आगीत तेल पडलं. तेव्हापासून तेच ते प्रश्न फोनवर, टपरीवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारले गेले. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. उत्तरं माझी आहेत, धाब्यावर सगळ्यांना ती पटलेली नाहीत.

नाव ‘डेब्यू’, म्हणजे पदार्पण. पण हा तिचा पहिला अल्बम नाही म्हणतात. मग ही फसवणूक का?

पहिला नाही हे खरं. शाळेत असतानाच, १९७७ साली, तिच्या नावाचा एक अल्बम आइसलँडमध्ये निघाला होता. त्यानंतर तिने बरेच बँड केले. त्यातल्या एकाचं नाव टाप्पी टीकाररास. हे ऐकल्यावर आमच्यातल्या भुसावळच्या गड्याने ‘तापी कुठून आली तिकडे?’ म्हणून विचारलंच. मग कुक्ल, मग १९८६ ते १९९२ शुगरक्यूब्ज, ज्यांचं ‘बर्थडे’ हे गाणं ब्रिटिश साप्ताहिकांनी डोक्यावर घेतलं होतं. मधे १९९० साली एका जॅझ त्रिकुटाबरोबर बहुतांश आइसलँडिक भाषेतला ‘ग्लिंग ग्लो’ही झाला. एवढं सगळं करून सत्तावीस वर्षांची बाई जुलै १९९३मध्ये अल्बम काढते आणि त्याला ‘पदार्पण’ म्हणते.

मला यात फसवणूक दिसत नाही, हिशेब दिसतो. बँडमध्ये गाणं सगळ्यांचं असतं. भजनी मंडळात वीस वर्षं टाळ धरून गाणारा माणूस एक दिवस स्वतःची चाल बांधून एकटा उभा राहतो, तेव्हा गावाला तो नवा नसतो, पण त्या चालीपुरता तो त्या दिवशीच उभा राहिलेला असतो. यातली काही गाणी तिला शुगरक्यूब्जच्या काळातच सुचलेली होती, बँडमध्ये ती बसणारी नव्हती. हे नाव लक्षात ठेवा, कारण समीक्षकांचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. ज्यांनी नाव गंभीरपणे घेतलं त्यांनी नवी गायिका ऐकली. ज्यांनी घेतलं नाही ते जुना बँड शोधत बसले.

‘प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक पॉप’ म्हणजे नक्की काय? लॅपटॉपवर केलेलं?

१९९३ साली लॅपटॉपवर कोण गाणी करतंय! सॅम्पलर (दुसऱ्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून वाजवणारं यंत्र), ड्रम मशीन, सिंथेसायझर आणि मोठं मिक्सिंग टेबल, असा तो काळ. लंडनच्या क्लबांत वाजणारं हाउस संगीत, म्हणजे एक-दोन-तीन-चार असा सरळ ठोका, हा या अल्बमचा कणा. ‘बिग टाइम सेन्शुअ‍ॅलिटी’ आणि ‘व्हायलंटली हॅपी’ ऐका, कळेल.

प्रयोग कुठे, तर त्या ठोक्याच्या शेजारी काय ठेवलंय त्यात. ‘ह्यूमन बिहेविअर’चा दणदणता ताल ब्राझीलच्या अंतोनियो कार्लोस जोबिम यांच्या एका जुन्या रचनेतून उचललेला आहे. ‘लाइक समवन इन लव्ह’ हे जुनं अमेरिकन गाणं निव्वळ हार्पवर, म्हणजे बोटांनी छेडायच्या मोठ्या तंतुवाद्यावर, गायलंय, हार्पवर कॉर्की हेल. शेवटच्या ‘दि अँकर साँग’मध्ये ठोकाच नाही, ऑलिव्हर लेक यांचे सॅक्सोफोन आहेत फक्त. आणि ‘देअर्स मोअर टू लाइफ दॅन धिस’ हे गाणं लंडनच्या मिल्क बार नावाच्या क्लबच्या स्वच्छतागृहात ध्वनिमुद्रित केलंय. मधेच दार लागतं, बाहेरचं संगीत दबतं आणि ती जवळ येऊन बोलल्यासारखी गाते. लग्नाच्या मांडवातून उठून मागच्या खोलीत पाणी प्यायला गेलं की डीजेचा नुसता धबधब आवाज भिंतीतून येतो ना, तेच. आमच्याकडे हे गाणं सगळ्यांना पहिल्या फटक्यात कळलं. समजावून सांगावं लागलं नाही.

आला तेव्हा समीक्षकांनी काय म्हटलं?

ब्रिटनमध्ये स्वागत झालं. ‘एनएमई’ साप्ताहिकाने तर वर्षअखेरीस १९९३चा सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याचीच निवड केली. अमेरिकेत सूर तसा नव्हता. ‘रोलिंग स्टोन’ने पाचपैकी दोन तारे दिले आणि निराशा झाल्याचं स्पष्ट लिहिलं.

एकच ध्वनिमुद्रण, तीच अकरा गाणी. फरक ऐकणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीत होता. ब्रिटनमध्ये १९८८च्या सुमारास हाउस संगीताची लाट आली, गोदामांतून, शेतांतून रात्रभर नाच चालले. १९९३पर्यंत तिथल्या पॉप समीक्षकाच्या कानात तो ठोका मुरला होता. मँचेस्टरच्या ८०८ स्टेट या इलेक्ट्रॉनिक गटाबरोबर ब्यॉर्क १९९१ साली गाऊनही झाली होती. निर्माता (पैसे घालणारा नव्हे, स्टुडिओत गाण्याचा आवाज घडवणारा) नेली हूपर म्हणजे सोल टू सोल या ब्रिटिश नाचगाण्याच्या गटातला, हेही त्यांना माहीत. त्यांच्या लेखी एक अनोखा गळा ओळखीच्या घरात राहायला आला होता.

अमेरिकेत त्या वर्षी गिटारचा जोर होता. निर्वाणा, पर्ल जॅम यांचे मोठे अल्बम त्याच शरद ऋतूत आले. शुगरक्यूब्ज तिथे कॉलेजच्या पोरांचा गिटार-बँड म्हणून ठाऊक. त्या गायिकेचा अल्बम येणार म्हटल्यावर समीक्षकाने गिटारसाठी कान लावले, आणि आला ड्रम मशीनचा ठोका.

‘रोलिंग स्टोन’चा नेमका आक्षेप काय होता?

थोडक्यात असा: गळा विलक्षण आहे, पण निर्माता हूपरने स्वस्त इलेक्ट्रॉनिक करामतींखाली तो गाडून टाकला.

हे वाचल्यावर धाब्यावर एकच हशा पिकला, कारण हेच वाक्य आमच्यातल्या एकाने मागच्याच महिन्यात स्वतःबद्दल ऐकलं होतं. त्याने आजीच्या आवाजातली कानबाईची, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीची, गाणी मोबाइलवर टिपून घेतली, खाली लॅपटॉपवर ठोका बांधला आणि घरी ऐकवली. काकांनी शांतपणे पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “गया चांगला शे, पन हाई मशीन कसाले?” (गळा चांगला आहे, पण हे मशीन कशाला?) एक न्यूयॉर्कचं पाक्षिक, एक पारोळा तालुक्यातला काका. तीस वर्षांचं अंतर, आणि परीक्षण शब्दाला शब्द तेच.

म्हणजे ‘रोलिंग स्टोन’ चुकलं ना?

निकाल चुकला असं आज बहुतेक जण म्हणतात, मीही म्हणतो. पण ते परीक्षण टाकाऊ नाही. काका बहिरे नाहीत. त्यांना यंत्र जिथे गळ्याच्या पुढे उभं राहिलं ती जागा बरोबर ऐकू आली, ते त्यांना खुपलं आणि त्यांनी सांगितलं. ‘डेब्यू’तसुद्धा अशा जागा आहेत. ‘क्राइंग’मधली पियानो-कीबोर्डची चकचकीत सजावट मला आजही त्या वर्षात अडकलेली वाटते. ‘कम टू मी’ मात्र तेवढ्याच गुळगुळीतपणाने तरतं.

चूक झाली ती कारण शोधण्यात. यंत्र हूपरचं आणि गळा ब्यॉर्कचा अशी वाटणी समीक्षकाने मनाशी करून टाकली. यंत्रसुद्धा तिनेच निवडलं असेल, ही शक्यता त्या लेखात शिरलीच नाही.

बरं, ज्यांनी स्तुती केली त्यांनी तरी नीट ऐकलं का?

हा प्रश्न आमच्या एका शिक्षक मैत्रिणीने विचारला. सगळ्या यादीत मला तोच सर्वांत आवडतो. माझं उत्तर: नेहमी नाही.

त्या काळच्या ब्रिटिश लेखनात तिच्यासाठी ‘परी’, ‘जंगलातली बुटकी जादूगारीण’, ‘बर्फातून आलेलं मूल’ या थाटाची विशेषणं इतक्यांदा येतात की वाचताना मोजणं सोडून द्यावं लागतं. म्हणायचं असं की ही बाई दुसऱ्याच जगातून टपकली, तिला हे सगळं आपोआप येतं. आता या ‘आपोआप’वाल्या बाईने लहानपणी रेक्याविकच्या संगीतशाळेत रीतसर शिक्षण घेतलंय, आणि दहाहून जास्त वर्षं बँड केलेत. परीला एवढी तालीम लागत नाही.

आणि हे खान्देशात आपल्याला नवं का वाटावं? बहिणाबाईंचा पहिला संग्रह १९५२ साली आला, त्या गेल्या १९५१च्या डिसेंबरात. मुलगा सोपानदेव यांनी गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली आणि महाराष्ट्र थक्क झाला. ते उपकार आहेतच. पण तेव्हापासून व्यासपीठावरचा प्रत्येक वक्ता ‘निरक्षर असूनही’ इथून सुरू करतो आणि ‘निसर्गदत्त प्रतिभा’ इथे संपवतो. ओवीच्या मापात त्या शब्द कसे मोडतात, घरातली, शेतातली वस्तू कुठल्या ओळीत आणून ठेवतात, यमक कुठे आत लपवतात, हे कारागिरीचं बोलणं राहूनच जातं. (आणि भाषेला सरसकट अहिराणी म्हणून मोकळं होतात. त्यांच्या माहेरच्या, असोद्याच्या माणसाला विचारा, तो लेवा गणबोली सांगेल.) आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं, चांगलंच झालं. पण कौतुकानेसुद्धा कवीला कवितेपासून दूर नेता येतं, आणि परी म्हणणं हा त्याचा सोपा मार्ग आहे.

दोन तारे देणाऱ्याने तिला निर्मात्याच्या तावडीत सापडलेली समजलं. पाच तारे देणाऱ्यांतल्या काहींनी तिला परी समजलं. डोकं लावून काम करणारी बाई म्हणून बघायचं दोघांचंही राहिलं.

पण खरंच, श्रेय कोणाचं? हूपर नसता तर हा अल्बम झाला असता का?

असा झाला नसता. हूपरने निर्मिती केली, ‘ह्यूमन बिहेविअर’, ‘बिग टाइम सेन्शुअ‍ॅलिटी’, ‘व्हायलंटली हॅपी’ यांत तो सहगीतकार आहे. त्याचा वाटा काढून घ्यायचं काही कारण नाही.

पण क्रम बघा. काही गाण्यांच्या चाली तिच्याकडे आधीपासून होत्या. लंडनला राहायला जायचं, क्लबमध्ये जायचं, बँड संपवायचा हे तिने ठरवलं. पुढे हूपर नसलेले अल्बमही तिने केले आणि त्यांतली विचित्र धाडसं ‘डेब्यू’पेक्षा जास्तच आहेत. आमच्याकडे लग्नाच्या बँडच्या गाडीवर मालकाचं नाव दोन फुटी अक्षरांत असतं. माइक धरलेल्या बाईचं नाव वरातीत कोणालाच माहीत नसतं, चाल तिने बसवलेली असली तरी. जानेवारी २०१५मध्ये ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाला दिलेल्या मुलाखतीत ब्यॉर्कने हेच मांडलं: तिने स्वतः केलेलं निर्मितीचं काम लोक सोबतच्या पुरुषांच्या खात्यावर मांडतात. ते बोलणं त्या वेळच्या नव्या अल्बमवरून निघालं होतं, पण १९९३ची परीक्षणं वाचून झाल्यावर ते वाचा.

यात आपला तबला आहे म्हणतात?

आहे. लंडनचे तबलावादक तलविन सिंग यांनी वाजवलाय. ‘व्हीनस अ‍ॅज अ बॉय’मधली व्हायोलिनची घसरत जाणारी वळणं ऐकून आमच्याकडे सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं: ही तर आपल्या सिनेमातली! बरोबर ओळखलं. तंतुवाद्यांची ती बाजू तलविन यांच्या दिग्दर्शनाखाली भारतीय फिल्म स्टुडिओतल्या वादकांनी वाजवली आहे. श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख ‘इंडियन फिल्म स्टुडिओ ऑर्केस्ट्रा’ असा एकगठ्ठा. बहुतेक वादकांची नावं नाहीत. आपल्या सिनेमाच्या तबकड्यांवर तरी ती कुठे असायची म्हणा.

समीक्षकांनी या बाजूला बहुतेक ‘पौर्वात्य रंग’ एवढ्यावर सोडून दिलं. खरं तर अल्बमच्या बहुतेक गाण्यांत यंत्राचा ठोका जसा सरळ रेषेत चालतो तशी ही व्हायोलिनं चालत नाहीत. सुरावर येताना खालून येतात, जाताना रेंगाळतात, आणि तिचा गळाही तसाच रेंगाळतो. म्हणून ते गाणं तिथे बसलंय. तलविन सिंग यांचं पुढे काय झालं, तर त्यांच्या स्वतःच्या पहिल्या अल्बमला, ‘ओके’ला, १९९९चा मर्क्युरी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा, पुरस्कार मिळाला.

मग ब्यॉर्कला मर्क्युरी का नाही?

तो ब्रिटन आणि आयर्लंडच्या कलाकारांसाठी आहे. ती आइसलँडची. विषय संपला.

पुरस्कार आणि विक्रीचं काय?

‘वन लिटल इंडियन’ या तिचे अल्बम काढणाऱ्या कंपनीचा अंदाज होता की शुगरक्यूब्जचे चाहते धरून जगभरात चाळीस हजार प्रती जातील. तीन महिन्यांत सहा लाखांवर गेल्या. ब्रिटनच्या यादीत अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. (कंपनीने २०२०मध्ये स्वतःच्या नावातलं ‘इंडियन’ काढून ‘इंडिपेंडंट’ केलं. तो शब्द आपल्यासाठी नव्हता, अमेरिकेतल्या मूलनिवासींसाठी होता.) १९९४च्या ब्रिट पुरस्कारांत तिला सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय गायिका आणि सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय नवोदित असे दोन मिळाले. सतरा वर्षांपूर्वी पहिली तबकडी निघालेल्या बाईला ‘नवोदित’! अल्बमचं नाव कोणी तरी अगदी मनावर घेतलं म्हणायचं.

समीक्षकांची सरासरी किती? मोबाइलवर शोधलं तर वेगवेगळे आकडे दिसतात.

त्या आकड्यांच्या नादी लागू नका. परीक्षणांची सरासरी काढणारं ‘मेटाक्रिटिक’ २००१ साली सुरू झालं. ‘पिचफोर्क’ही नव्वदीच्या मध्यातलं, म्हणजे अल्बमनंतरचं. आज ‘डेब्यू’पुढे जे तारे दिसतात त्यांतले बरेच ती जगप्रसिद्ध झाल्यावर दिलेले आहेत. निकाल लागल्यावर पेपर तपासण्यातला प्रकार. परीक्षण वाचताना आधी तारीख बघायची, मग तारे.

आज समीक्षक काय म्हणतात?

मोठा अल्बम, यावर फारसा वाद उरलेला नाही. एक नवी तक्रार मात्र आलीये, आणि ती जुन्या तक्रारीच्या बरोब्बर उलट आहे. १९९३ साली म्हणायचे, फार यंत्र, फार विचित्र. आता म्हणतात, तिच्या पुढच्या कामाच्या मानाने फार सरळ, फार गोड. १९९५चा ‘पोस्ट’, १९९७चा ‘होमोजेनिक’ ऐकून मागे वळलेला माणूस ‘डेब्यू’ला पाळण्यातलं बाळ समजतो.

मला हे पटत नाही. ‘होमोजेनिक’ मोठा आहे, एकसंध आहे, कबूल. पण ‘डेब्यू’त प्रत्येक गाणं वेगळ्या खोलीत गायल्यासारखं आहे, आणि शहरात नव्याने आलेला माणूस असाच राहतो. एका दारातून नाच, दुसऱ्यातून हार्प. पुण्याला शिकायला गेलेल्या आमच्या पिढीला ते कळतं. मी स्वतः हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो कोथरूडच्या एका खोलीत, चौघांच्यात एक टेबल होतं तिथे, मित्राने राइट करून दिलेल्या सीडीवर. गाण्यांची नावंही त्यावर नव्हती. तिसरं गाणं, सातवं गाणं असंच म्हणायचो.

घरच्यांना तिचं गाणं किंचाळणं वाटतं. काय सांगू?

काही सांगू नका, ‘लाइक समवन इन लव्ह’ लावा. मग ‘व्हीनस अ‍ॅज अ बॉय’. व्हिडिओ दाखवणार असाल तर त्यात ती स्वयंपाकघरात अंडी करते, घरी चालत असेल तरच. (त्या व्हिडिओबद्दल तिची स्वतःची तक्रार अशी की अंडं तळायला नको होतं, पाण्यात सोडून मऊ ‘पोच’ करायला हवं होतं. समीक्षकांपेक्षा नेमकी टीका.) ‘ह्यूमन बिहेविअर’चा मिशेल गॉन्ड्रीने केलेला व्हिडिओ पोरांना दाखवा, त्यात भलंमोठं अस्वल आहे. ग्रॅमीचं नामांकन त्या व्हिडिओला मिळालं होतं.

भारतात असा प्रयोग कोणी केला होता का?

मुंबईच्या चरणजित सिंगांनी, १९८२ साली. फिल्मी वाद्यवृंदांत वाजवणारा माणूस. जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. कोणी विचारलं नाही. २०१०मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य समीक्षक उडाले, कारण ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून जो आवाज शिकागोत १९८७च्या सुमारास जन्मला असं ते मानत होते, तो इथे पाच वर्षं आधी वाजत होता. सिंग २०१५मध्ये वारले. कौतुक बघायला पाचच वर्षं मिळाली.

त्यांच्यावरचं बहुतेक लेखन ‘पहिला कोण’ या एकाच खुंटीला बांधलेलं आहे. भैरव त्या ठोक्यावर कसा लागलाय, कुठे कंटाळा येतो, कुठे अंगावर काटा येतो, हे फार कमी जणांनी लिहिलं. आणि आपण मराठीत तर जवळजवळ काहीच लिहिलं नाही.

आम्ही अहिराणी गाणी इलेक्ट्रॉनिक ठोक्यावर करतोय. आमचं परीक्षण कोण लिहिणार?

जळगाव-धुळ्यात अल्बमचं परीक्षण छापून येण्याची वाट बघू नका. आपल्याकडे वर्तमानपत्रात ‘रसिकांनी भरभरून दाद दिली’ हे वाक्य कार्यक्रमाच्या आधीच तयार असतं. युट्यूबवर ‘लय भारी भो’ येईल, त्याने आनंद होतो, कळत काही नाही.

दोन माणसं शोधा. एक, काकांसारखा, ज्याला यंत्र आवडत नाही पण जो शेवटपर्यंत ऐकतो. त्याला फक्त एवढंच विचारा की नेमकं कुठल्या क्षणी खुपलं. कानबाईच्या गाण्यात काकांनी जागा दाखवली ती अशी: आजी ओळीच्या शेवटी श्वास घेते तिथेच ठोका दुप्पट होत होता. पोराने तिथला ठोका काढला, श्वास ठेवला. गाणं सुधारलं. काकांना अजूनही आवडत नाही, तो भाग वेगळा. दुसरा माणूस असा हवा जो क्लबचं संगीत रोज ऐकतो पण अहिराणी समजत नाही. त्याला शब्दांच्या गोडव्याची लाच लागू पडत नाही, त्यामुळे ठोका ढिला असेल तर तो लगेच सांगतो. दोघांना एका वेळी बसवू नका, आम्ही बसवून पाहिलं.

आणि एक काळजी घ्या. तुमच्यावर कोणी लिहिलंच तर ‘मातीतलं’, ‘अस्सल’, ‘रांगडं’ हे शब्द येतील. ते आपल्याकडचे ‘परी’ आहेत.

ऐकायला कुठून सुरू करू?

क्रमानेच, पहिल्यापासून. एकूण पाऊण तासाच्या आसपासचा ऐवज आहे. हेडफोन असतील तर मिल्क बारचं दार बंद होताना जास्त मजा येते. उन्हाळ्यात धाब्यावर ऐकणार असाल तर रात्री अकरानंतर, तोवर फरशी तापलेलीच असते.

शेवटचं ‘दि अँकर साँग’ आम्ही त्या रात्री स्पीकरवर जरा मोठ्याने लावलं होतं. समुद्राकाठी घर असलेल्या, रात्री तळाशी बुडी मारून तिथे नांगर टाकणाऱ्या बाईचं गाणं, आणि भोवती फक्त सॅक्सोफोन. सकाळी दूध घ्यायला खाली उतरलो तर शेजारच्या मावशी अंगण झाडत होत्या. म्हणाल्या, “राती कोनता बाजा व्हता रे भाऊ?”

म्हटलं, सॅक्सोफोन होता मावशी. त्रास झाला का?

“नही रे. ढोल नव्हता, ते बरं झायं.”